प्लग-इन हायब्रिडसाठी घरी चार्जिंग पॉइंट: सोलापुरात खर्च किती, आणि तो नेमका कुठे करायचा

माझा धंदा वायरिंगचा. पूर्वी फोन यायचे ते एसीच्या पॉइंटसाठी, बोअरच्या स्टार्टरसाठी, नाहीतर कारखान्यात लूमची मोटर सारखी ट्रिप होते म्हणून. आता महिन्यातून दोन-तीन तरी फोन गाडीच्या चार्जिंगचे असतात. परवा होटगी रोडवरच्या एका मालकांनी विचारलं, "हायब्रिड घेतोय, चार्जरला किती धरू?" मी उलट विचारलं, "मालक, गाडीला वायर लावायचं तोंड आहे का?" त्यांनी शोरूमला विचारून सांगितलं, नाही. मग चार्जर कशाला? त्यांचे पैसे तिथेच वाचले, माझं काम गेलं.

म्हणून पहिली पायरी हीच. शोरूममध्ये 'हायब्रिड' म्हणून दाखवतात त्या बहुतेक गाड्या, म्हणजे टोयोटाची हायराइडर, इनोव्हा हायक्रॉस, मारुतीची ग्रँड विटारा, होंडा सिटीचं हायब्रिड मॉडेल, या भिंतीला लावायच्या नसतातच. त्यांची छोटी बॅटरी इंजिनावर आणि ब्रेक मारताना आपली आपण भरते. प्लग-इन हायब्रिड ही वेगळी जात. तिची बॅटरी मोठी, बाहेरून वीज घेणारी, आणि बॅटरी संपली की पेट्रोलवर चालणारी. आपल्याकडे ती आजवर बीएमडब्ल्यू एक्सएम, रेंज रोव्हर, जुनी व्होल्वो एक्ससी ९० अशा महागड्या गाड्यांतच जास्त दिसली. तुमची गाडी यातली असेल किंवा पुढेमागे तशी घ्यायचा विचार असेल, तर पुढचं वाचा. छोटी इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी गाडीचं पोट बघा, मग चार्जर

लोक डबा, म्हणजे भिंतीवर बसवायचा चार्जर (वॉलबॉक्स), आधी ठरवतात. शोरूमवाला सात किलोवॅटचा वॉलबॉक्स सुचवतो, कोणीतरी मित्र अकरा किलोवॅटचा सांगतो. खरं तर विचारायच्या गोष्टी दोनच: बॅटरी किती युनिटची (म्हणजे किती किलोवॅट-अवरची, kWh) आणि गाडीतला ऑनबोर्ड चार्जर किती किलोवॅटचा.

भिंतीवरचा डबा गाडीला फक्त एसी वीज, म्हणजे घरात येते तीच, देतो. ती डीसी, म्हणजे बॅटरीला चालणारी, करून आत भरायचं काम गाडीच्या पोटातला चार्जर करतो, आणि वेग तोच ठरवतो. गाडी ३.३ किलोवॅटच घेत असेल तर भिंतीवर २२ चा डबा लावला तरी ती ३.३ च घेणार. बऱ्याच प्लग-इन हायब्रिडांत हा आकडा ३.३ ते ७.४ किलोवॅटच्या दरम्यान असतो. पूर्ण इलेक्ट्रिक गाडीच्या मानाने बॅटरीही लहान, बहुतेक वेळा १० ते २५ युनिटच्या आसपास.

आता साधा हिशेब. १२ युनिटची बॅटरी आहे असं धरा. १६ अँपिअरच्या साध्या पॉवर प्लगवर, म्हणजे ज्याला आपण अजूनही 'पंधराचा प्लग' म्हणतो त्यावर, गाडीसोबत आलेली पोर्टेबल केबल १० ते १३ अँपिअर ओढते. म्हणजे ताशी अडीच-तीन युनिटं. रिकामी बॅटरी पाच तासांत भरते. रात्री दहाला लावली तर तीनला भरून तयार, तुम्ही उठता सहाला. सात किलोवॅटच्या डब्यावर हेच काम दोन तासांत होईल, बारालाच. मधले तीन तास गाडी काय करणार? उभीच राहणार. या तीन तासांसाठी लोक चाळीस हजार जास्त मोजतात.

माझं म्हणणं सरळ आहे: प्लग-इन हायब्रिडसाठी डब्यावर खर्च करू नका, अर्थिंगवर आणि वायरवर करा. गिऱ्हाईक नेमकं उलटं करतं. चकचकीत डबा समोर दिसतो, जमिनीतला खड्डा कोणाला दिसत नाही.

अर्थिंग: सगळं इथे अडतं

टीव्ही, फ्रिज अर्थिंगशिवायही चालतात. धोका असतो, पण चालतात, म्हणून वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही. गाडी तशी नाही. तिच्या केबलवरचा डबा आधी अर्थ तपासतो आणि अर्थ नीट नसेल तर बहुतेक केबली लाल दिवा दाखवून गप्प बसतात. नवी गाडी आणली, पूजा झाली, नारळ फुटला, केबल लावली आणि लाल दिवा! असे फोन मला रात्री साडेनऊलाही आलेत.

जुन्या पेठांतल्या घरांत अर्थिंग म्हणजे बऱ्याचदा नळाच्या पाइपला गुंडाळलेली तार. पूर्वी पाइप लोखंडी होता, आता मध्येच पीव्हीसीचा तुकडा बसलेला असतो, त्यामुळे तार जमिनीपर्यंत पोचतच नाही. जुळे सोलापुरातल्या बंगल्यांत बांधकामाच्या वेळी खड्डा केलेला असतो, पण पंधरा-वीस वर्षांत पट्टी गंजलेली असते. त्यात आपली जमीन एकसारखी नाही. कुठे काळी माती, कुठे दोन-तीन फुटांवर मुरूम आणि खडक. काळी माती पावसाळ्यात ओल धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मार्च ते मे अर्थचा रेझिस्टन्स चढतो, आणि त्याच दिवसांत पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असतो.

करायचं काय? गाडीसाठी स्वतंत्र केमिकल अर्थिंग घ्या. खड्डा, इलेक्ट्रोड, पावडर, वरचं झाकण, मजुरी मिळून माझा दर जागेप्रमाणे पाच ते आठ हजार होतो. खडक लागला तर वरच्या बाजूला. काम झालं की अर्थ टेस्टर लावून आकडा दाखवायला सांगा. पाच ओहमच्या आत यायला हवा, दोनच्या आत आला तर उत्तम. शिवाय घरातला लोड चालू असताना न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात किती व्होल्ट दिसतात ते मीटरवर बघा. दोन-तीन व्होल्ट ठीक, दहा-पंधरा दिसले तर काम अपुरं आहे.

आणि एक जुगाड कृपा करून करू देऊ नका. लाल दिवा जात नाही म्हटल्यावर काही कारागीर सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून देतात. दिवा हिरवा होतो, गिऱ्हाईक खूश, कारागीर पैसे घेऊन जातो. उद्या मागे कुठे न्यूट्रल तुटला की तोच तुकडा गाडीच्या पत्र्यावर करंट आणतो. ओल्या पायाने दार उघडायला गेलेल्या माणसाला तो धक्का बसणार. सॉकेट उघडून दाखवायला सांगण्यात लाज कसली?

वायर आणि बोर्ड

मिक्सर, इस्त्री दहा मिनिटं चालतात. गाडी पाच तास सलग १३ अँपिअर ओढते. त्यामुळे घरातल्या कुठल्याही पॉवर प्लगवर, तोही एक्स्टेन्शन बोर्डाने, गाडी लावणं म्हणजे घराशी खेळ. मीटरपासून थेट वेगळी लाइन काढायची, मध्ये दुसरा कुठलाही पॉइंट नाही.

वायर तांब्याची, चार स्क्वेअर एमएमची. अडीचची चालते असं सांगणारे भेटतील आणि अंतर दहा मीटर असेल तर ती चालेलही. पण उन्हात तापलेल्या गच्चीवरून, पीव्हीसी पाइपातून नेलेली अडीचची वायर पाच तास गरम होत राहते. सध्या चारच्या वायरला मीटरमागे शंभर रुपयांच्या आसपास धरा. तांब्याचा भाव सारखा हलतो, म्हणून कोटेशन घेतल्यावर आठवडाभरात काम उरका. अंतर जास्त असेल तर व्होल्टेज पडतं: चारच्या वायरने ४५ मीटरवर १३ अँपिअरला साधारण साडेपाच व्होल्ट, अडीचच्या वायरने नऊच्या घरात. आपल्याकडे पाणी येतं त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज आधीच बसलेलं असतं, तेव्हा हे नऊ व्होल्टही जाणवतात. तसंही, घरची मोटर आणि गाडी एकाच वेळी लावू नका.

लाइनच्या सुरवातीला १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की पडतो तो), त्यासोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडतो तो), किंवा दोन्ही एकत्र असलेला आरसीबीओ. दुकानात नुसतं 'आरसीसीबी' म्हटलं की एसी टाइपचा काढून देतात. गाडीसाठी 'ए' टाइपचा मागा, कारण गाडीच्या चार्जरमधून गळणाऱ्या करंटमध्ये डीसीचा अंश असू शकतो आणि एसी टाइपला तो नीट कळत नाही. थोडा महाग पडतो, चांगल्या कंपनीचा आरसीबीओ अडीच हजारांच्या पुढे. इथे हात आखडू नका.

बोर्ड सावलीत हवा. एमसीबीचं रेटिंग साधारण ३० अंश तापमान धरून असतं. पश्चिमेच्या भिंतीवर पत्र्याच्या डब्यात बसवला तर आतलं तापमान पन्नाशी सहज गाठतं आणि १६ चा एमसीबी १३ वरच पडायला लागतो. मग कारागीर म्हणतो, वीसचा टाकू. टाकू नका, डबा सावलीत हलवा. सॉकेट चांगल्या कंपनीचं, झाकणवाल्या वॉटरप्रूफ बॉक्सात, जमिनीपासून चार फुटांवर.

महावितरणचं काय?

घरच्या कनेक्शनवर स्वतःची गाडी चार्ज करायला वेगळी परवानगी लागत नाही. केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतच हे स्पष्ट केलं होतं. दर घरगुतीच लागतो. हवं असल्यास गाडीसाठी वेगळं कनेक्शनही मागता येतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुधारलेल्या केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांनी तो हक्क दिलाय, आणि महापालिका हद्दीत नवं कनेक्शन सात दिवसांत, ग्रामीण भागात पंधरा दिवसांत द्यायचं असं त्यातच म्हटलंय. प्लग-इन हायब्रिडला मात्र वेगळ्या मीटरची गरज मला क्वचितच दिसते. दुसरा मीटर म्हणजे दुसरा स्थिर आकार, दर महिन्याला, गाडी उभी असली तरी.

बघायचा आहे तो बिलावरचा 'मंजूर भार'. तिथे दोन किलोवॅट लिहिलेलं असेल आणि घरात एसी, गीझर, वर गाडी असेल, तर भार वाढवून घ्या. ऑनलाइन अर्ज, लायसन्स असलेल्या ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट, मग कोटेशन भरायचं. साध्या प्लगवर गाडीचे तीन किलोवॅटच वाढतात, सिंगल फेजवर भागतं. सात किलोवॅटचा डबा लावलात तर एकटी गाडी ३२ अँपिअर घेणार, त्यात एसीचे सात-आठ आणि गीझरचे नऊ मिळवा. सिंगल फेजची मर्यादा ४० अँपिअरची, ती तिथेच ओलांडते. मग थ्री फेज, नवा मीटर, जास्त स्थिर आकार. डब्याच्या किमतीत हा खर्च कोणी सांगत नाही.

आकडे मांडू

खालचे दर माझ्या कामावरून काढलेले अंदाज आहेत, दुकानागणिक थोडे हलतील.

बंगला, पोर्च मीटरपासून बारा मीटरवर, साधा प्लग: वायर तीन पदरी ३६ मीटर ३,६००, पाइप आणि क्लिपा ६००, आरसीबीओ २,५००, बॉक्स-सॉकेट १,०००, अर्थिंग ६,०००, मजुरी २,०००. एकूण १५,७००. म्हणजे अर्थिंगच जवळजवळ चाळीस टक्के.

त्याच बंगल्यात सात किलोवॅटचा वॉलबॉक्स: डबा ३५,०००, सहाची वायर ५,४००, ४० अँपिअरचा आरसीबीओ ४,५००, पाइप ६००, अर्थिंग ६,०००, मजुरी ३,५००. एकूण ५५,०००, भारवाढीचे पैसे वेगळे.

अपार्टमेंट, मीटर रूमपासून पार्किंग ४५ मीटर, साधा प्लग: वायर १३,५००, पाइप आणि ट्रे ३,५००, आरसीबीओ २,५००, कुलपाचा बॉक्स १,५००, अर्थिंग ६,०००, मजुरी ५,०००. एकूण ३२,०००. दोन-तीन शेजारी मिळून केलं तर अर्थिंग आणि ट्रेचा खर्च वाटून जातो. लाइन तुमच्याच मीटरवरून घ्या, सोसायटीच्या कॉमन मीटरवरून नको. पहिल्याच बिलाला भांडण ठरलेलं. चेअरमनकडे अर्ज देताना लाइनचा साधा नकाशा आणि ठेकेदाराच्या लायसन्सची झेरॉक्स जोडा. तोंडी विचारलं की "आग लागली तर कोण जबाबदार?" यावर मीटिंग संपते. कागद असला की निदान प्रश्न वायरीबद्दल विचारले जातात.

आता परत मिळतं किती? सोलापूर लहान गाव. बाळ्याहून सात रस्ता, तिथून विजापूर रोड, परत घर, एवढं फिरूनही दिवसाला १८-२० किलोमीटरच होतात. मोठी गाडी धरली तर १८ किलोमीटरला चार्जिंगमधली घट मिळवून चार युनिटं. सगळे आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरून युनिट १४ रुपये समजा, ५६ रुपये झाले. तेच पेट्रोलवर लिटरला पंधराच्या अ‍ॅव्हरेजने १.२ लिटर, १०५ रुपयांनी १२६ रुपये. रोजचे ७० वाचले, महिन्याचे २६ दिवस धरून १,८२०. साधा प्लग नऊ महिन्यांत वसूल. वॉलबॉक्सला अडीच वर्षं, कारण त्याने वाचतात तेही तेवढेच ७० रुपये. वेगाने भरलं म्हणून युनिट स्वस्त होत नाही.

घरगुती बिलाच्या टप्प्यांकडे मात्र लक्ष ठेवा: शंभर, तीनशे, पाचशे. घरचा वापर २२० असेल तर गाडीची शंभर युनिटं तुम्हाला तीनशेच्या पलीकडे ढकलतात आणि वरची वीस युनिटं महाग टप्प्यात जातात. उन्हाळ्यात एसी लागला की गाडीची सगळीच युनिटं त्या टप्प्यात. तेव्हा बचत सत्तरवरून पन्नास-साठवर येते.

रात्री वीज स्वस्त, हे ऐकीव ज्ञान इथे जसंच्या तसं लागू नाही. १ जुलै २०२५ पासून टीओडी मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली ते मोजणारा) असलेल्या घरगुती ग्राहकांना सवलत सुरू झाली ती सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर, सुरवातीला युनिटमागे ८० पैसे. दुपारी गाडी घरी असते अशा दुकानदारांनी, निवृत्त मंडळींनी दिवसाच चार्जिंग करावं, फक्त सावलीत. त्या दराने चार युनिटांवर दिवसाला तीन रुपये वीस पैसे, फार नाहीत म्हणा. खरा फरक सोलरने पडतो. आपल्या उन्हात एक किलोवॅटचं पॅनल दिवसाला सरासरी चार युनिटं देतं, म्हणजे नेमकी गाडीची गरज. छतावर सोलर बसवणारच असाल तर एक किलोवॅट जास्त धरा. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तीन किलोवॅट किंवा पुढे एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे.

बाहेरच्या चार्जिंग स्टेशनचा विचार प्लग-इन हायब्रिडवाल्यांनी जवळजवळ सोडून द्यावा. हायवेवरच्या फास्ट चार्जरची डीसी वीज या गाड्यांतल्या बहुतेक घेतच नाहीत, आणि एसी पॉइंटवर दोन तास थांबून वाचणार काय? तुळजापूरला ४५ किलोमीटर, अक्कलकोटला चाळीसच्या आत. घरून भरून निघालात तर जायचं विजेवर होतं, येताना पेट्रोल आहेच. पुण्याच्या अडीचशे किलोमीटरसाठी तर इंजिनच बरं.

काम झाल्यावर

पहिल्या रात्री गाडी लावून झोपू नका. तासाभराने प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, पण हात ठेववत नसेल तर बंद करा. बहुतेक वेळा सॉकेटचा स्क्रू ढिला असतो. आरसीबीओचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा, पडायलाच हवा. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, सॉकेटचे आणि बोर्डाचे स्क्रू कारागिराकडून आवळून घ्या. पाच तासांच्या गरम-गारीने ते सैल होतात.

आणि अर्थिंगच्या खड्ड्याचं झाकण फरशीखाली गाडू नका, उघडता आलं पाहिजे. मार्च ते जून आठवड्याला दोन बादल्या पाणी त्यात ओतायचं. पाणी येतं त्या दिवशीच ओता, नाहीतर घरातले ओतू देणार नाहीत.